पाण्यावरचे घर

होडी म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? मासे धरायला जाणारी होडी, नाहीतर या काठावरून त्या काठावर माणसे नेणारी नाव. पण काही माणसे होडीतच राहतात. तेथेच त्यांची चूल, तेथेच अंथरूण आणि तेथेच सकाळचा चहा. त्यांचे घर आज एका खाडीत असते, तर उद्या दुसऱ्या. या पाठात आपण अशाच होड्यांची ओळख करून घेणार आहोत.

आधी नकाशा काढा. युरोप, आशिया आणि आफ्रिका या तीन खंडांच्या मध्ये जो समुद्र दिसतो, तो भूमध्य समुद्र. उर्दूत तुम्ही त्याला 'बहीरा-ए-रूम' म्हणता. तुर्की भाषेत त्याचे नाव 'आकदेनिझ', म्हणजे पांढरा समुद्र. (प्रत्यक्षात तो गडद निळा आहे, ही गोष्ट वेगळी!) त्याच्या पूर्व भागात तुर्कस्तानचा किनारा आहे आणि त्या किनाऱ्यासमोर ग्रीस देशाची लहानमोठी बेटे विखुरलेली आहेत. एका बेटावरून दुसरे बेट दिसते. त्यामुळे माणूस येथे फार पूर्वीपासून होड्या हाकारीत आला आहे.

आपल्या कोकणातला नाखवा होडी काढण्यापूर्वी भरती-ओहोटी पाहतो. हा 'नाखवा' म्हणजे उर्दूतला 'नाखुदा'च, हे तुमच्या लक्षात आले असेल. पण भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात भरती-ओहोटी जवळजवळ जाणवतच नाही. तेथला खलाशी पाहतो तो वारा. उन्हाळ्यात तेथे उत्तरेकडून एक वारा वाहतो. तुर्की लोक त्याला 'मेलतेम' म्हणतात आणि ग्रीक लोक 'मेलतेमी'. हा वारा मोठा फसवा आहे. आकाश निरभ्र असते, ढगाचा ठिपकाही नसतो आणि तरीही दुपारी समुद्र खवळतो. रात्री बहुधा तो मंदावतो. म्हणून जाणते खलाशी पहाटेच शिडे उभारतात आणि दुपारच्या आत एखाद्या खाडीचा आसरा गाठतात. तेथे पाणी काठापाशीच एकदम खोल होते. म्हणून होडीच्या पुढच्या टोकाकडून नांगर टाकतात आणि मागचे टोक दोराने काठावरच्या खडकाला किंवा पाइनच्या झाडाला बांधतात.

होडीवर माणसे कशी राहत, याचा एक जुना पुरावा सायप्रस बेटाजवळ मिळाला आहे. १९६५ मध्ये आंद्रेआस कारिओलू या पाणबुड्याला किरेनिया गावाजवळच्या समुद्रात मातीच्या रांजणांचा ढीग दिसला. त्याखाली एक व्यापारी जहाज होते. ते सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी बुडाले होते. लांबी सुमारे चौदा मीटर, म्हणजे फार मोठे नव्हे. त्यात सुमारे चारशे रांजण होते आणि हजारो बदाम होते. पण मला विचाराल तर सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे तेथली भांडी. ताटल्या, पेले, चमचे, सगळे चार-चार! यावरून जहाजावर चार माणसे होती, असे संशोधकांनी ठरवले. जाळ्याला लावायची शिशाची वजनेही सापडली. म्हणजे हे चौघे वाटेत मासे धरून खात असावेत. हे जहाज बुडाले तेव्हा ते जुने झाले होते आणि त्याची अनेकदा डागडुजी केलेली होती. कोणीतरी ते पुन्हा पुन्हा दुरुस्त करून वापरले होते. पुढे ग्रीसमध्ये त्याच पद्धतीने त्याची प्रतिकृती बांधली गेली आणि १९८६ मध्ये ती शिडांच्या बळावर सायप्रसला गेलीही.

आता तुर्कस्तानच्या बोद्रुम गावाकडे वळू. १९२५ मध्ये जेवात शाकिर नावाच्या लेखकाला एका लेखाबद्दल शिक्षा झाली. (हे नाव उर्दूत तुम्ही 'जवाद शाकिर' असे लिहाल.) शिक्षा होती तीन वर्षांच्या हद्दपारीची, तीही बोद्रुमला! त्या वेळी ते मच्छीमारांचे आणि समुद्राच्या तळातून स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांचे एक आडबाजूचे गाव होते. पण शाकिर यांना ते गाव इतके आवडले की, शिक्षा संपल्यावर ते आपणहून तेथे परत आले आणि कितीतरी वर्षे राहिले. त्यांनी मच्छीमारांबरोबर समुद्र पालथा घातला, गावात नवी झाडे लावली आणि 'हालिकारनासचा मच्छीमार' या टोपणनावाने कथा लिहिल्या. हालिकारनास हे बोद्रुमचेच प्राचीन नाव.

पुढे त्यांचे लेखक मित्र तेथे येऊ लागले. स्पंज काढणाऱ्यांच्या साध्या होडीतून ही मंडळी दिवसच्या दिवस किनाऱ्याने फिरत. बरोबर पाणी, चीज आणि वाळवलेला पाव. बाकी समुद्र देईल ते. झोपायला होडीचा उघडा तक्ता. या फिरण्याला नाव पडले 'निळी सफर'. अझ्रा एरहात या विदुषीने त्याच नावाचे पुस्तक १९६२ मध्ये लिहिले. मग ही सफर करायला दूरदूरचे लोक येऊ लागले. त्यामुळे बोद्रुमच्या सुतारांना काम मिळाले आणि होड्या बांधण्याची कला टिकली. मात्र होड्याही बदलल्या. आज 'गुलेत' नावाच्या दोन डोलकाठ्यांच्या मोठ्या नौका पर्यटकांसाठी बांधतात. त्यांत गारवा देणारी यंत्रे असतात आणि त्या बहुतेक वेळा इंजिनावरच चालतात. शिडे गुंडाळलेलीच राहतात, हे पाहून थोडे वाईट वाटते. पण कामच नसते, तर सुतारांचे हात केव्हाच थांबले असते.

समोरच्या ग्रीसमध्ये वेगळेच घडले. तेथे मासे फार धरले जाऊ लागले. ते कमी व्हावे म्हणून १९९० नंतरच्या काळात युरोपीय संघाने एक योजना राबवली. जो मच्छीमार आपला परवाना परत करील, त्याला पैसे मिळत. पण बहुधा त्याची होडी मोडून टाकावी लागे. हेतू चांगला होता. समुद्रात मासे उरायला हवेतच. परंतु आजोबांनी बांधलेली लाकडी होडी यंत्राखाली चिरडली जाताना मालकाला काठावर उभे राहून पाहावे लागले. अशा दहा हजारांहून अधिक होड्या नष्ट झाल्या. यांतल्या अनेक होड्या कागदावर आराखडा न काढता, साच्यांच्या आणि नजरेच्या आधाराने बांधलेल्या होत्या. होडी गेली की तिचा नमुनाही गेला.

ज्या होड्या उरल्या, त्यांतल्या काही अशा लोकांनी घेतल्या की जे त्यांतच राहतात. त्यांना फुरसत म्हणून नसते. गोडे पाणी जपून वापरावे लागते. खाऱ्या पाण्याने तक्ता रोज धुवावा लागतो. शिंपल्यांच्या जातीचा एक जीव लाकूड आतून पोखरतो. म्हणून दरवर्षी होडी काठावर ओढून, तळ खरवडून रंगवावा लागतो. फळ्यांच्या फटींत कापसाची दोरी ठोकून वर लुकण भरतात. या कामाला तुर्की भाषेत 'कालाफात' म्हणतात आणि ग्रीक भाषेतही जवळजवळ हाच शब्द आहे.

होडी काठावर फार दिवस राहिली, तर उन्हाने लाकूड आकसते आणि फटी उघडतात. अशी होडी पाण्यात सोडली की चहूकडून पाणी आत येते. नवख्या माणसाला वाटते, आता ही बुडणार! पण जुना मालक घाबरत नाही. तो रात्रभर जागतो, पंपाने पाणी उपसत राहतो आणि वाट पाहतो. हळूहळू लाकूड फुगते, फळीला फळी भिडते आणि झिरपणारे पाणी कमी कमी होत जाते. दोन-तीन दिवसांनी तो हात घालून तळ चाचपतो. तळ कोरडा लागला की तो पहिली गोष्ट कोणती करतो, माहीत आहे? आपले अंथरूण होडीत नेऊन टाकतो.