सिगालाच्या सहा दिशा आणि कॉलेजचं पहिलं वर्ष



ज्यांच्या घरी यंदा सीनियर इयरचं मूल आहे, त्यांच्याकडे सध्या दोनच विषय चालू असतील: प्रवेश कुठे मिळणार आणि पैसे किती लागणार. दोन्ही महत्त्वाचेच. पण तिसरा विषय बहुधा राहून जातो, तो म्हणजे घराबाहेर पडल्यावर मूल राहणार कसं? आजचा धम्मपाठ त्यासाठी आहे. तो मुलांना उद्देशून लिहिला आहे. ज्यांना मराठी नीट वाचता येत नाही, त्यांना आई-बाबांनी जेवताना वाचून दाखवावा. मध्येमध्ये पालकांसाठीही चार शब्द आहेत.

सुत्त काय सांगतं

भगवान बुद्ध राजगृहाजवळच्या वेळुवनात राहत होते. एका सकाळी भिक्षेसाठी निघाले असताना त्यांना सिगाल नावाचा तरुण दिसला. अंगावर ओले कपडे, केस ओले, हात जोडलेले. तो पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली आणि वर अशा सहा दिशांना नमस्कार करत होता. भगवंतांनी कारण विचारलं, तेव्हा तो म्हणाला, वडिलांनी मरताना सांगितलं होतं म्हणून करतो.

भगवंतांनी त्याची थट्टा केली नाही. दिशांना नमन म्हणजे माणसांशी नीट वागणं, हे त्यांनी त्याला समजावलं. पूर्व म्हणजे आई-वडील, दक्षिण म्हणजे शिक्षक, पश्चिम म्हणजे जोडीदार, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे कष्टकरी आणि वरची म्हणजे श्रमण, धम्माचे मार्गदर्शक. दीघ निकायातलं हे सिगालोवाद सुत्त. बाबासाहेबांनीही ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहस्थांच्या विनयासाठी ते घेतलं आहे.

मुलांनो, आता स्वतःकडे पाहा. रविवारची वंदना, भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, हे सगळं तुम्ही आजवर बरंचसं आई-बाबांनी गाडीत बसवून नेलं म्हणून केलं. डॉर्मच्या दाराशी कोणी गाडी काढून उभं राहणार नाही. केवळ सांगितलं म्हणून केलेलं पहिल्या सेमिस्टरमध्येच सुटतं. अर्थ कळून केलेलं टिकतं. म्हणून या सहा दिशा कॉलेजला लावून पाहू.

पूर्व: आई-बाबा

कॉलेजात नाव नोंदवलं की फर्पा या १९७४ च्या कायद्याने तुमच्या शैक्षणिक नोंदींचा अधिकार तुमच्याकडे येतो. साधारणपणे तुमच्या लेखी संमतीशिवाय कॉलेज आई-बाबांना ग्रेड सांगत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर डॉक्टरही तुमच्या परवानगीशिवाय त्यांच्याशी बोलत नाहीत. म्हणून जाण्याआधी दोन गोष्टी करा. आजारपणात तुमच्या वतीने निर्णय कोण घेईल, याचा आरोग्यविषयक अधिकारपत्राचा कागद करून ठेवा. आणि ग्रेड पाहण्याची संमती द्यायची की नाही, हे घरी बसून मोकळेपणाने ठरवा. आठवड्यातली एक वेळ फोनसाठी ठरवली तर रोजच्या ‘जेवलास का?’ वरून होणारी चिडचिड वाचते.

पालकांनो, सुत्तात आई-वडिलांचीही कर्तव्यं आहेत. वाईटापासून आवरणं आणि चांगल्याकडे वळवणं यांबरोबर मुलाला एखादं कौशल्य शिकवणं हेही त्यात आहे. ते कौशल्य कॉम्प्युटर सायन्सच असावं, असं सुत्तात कुठे म्हटलेलं नाही, हे मी त्याच क्षेत्रात नोकरी करत असूनही सांगतो.

एच-१बी वरच्या कुटुंबांनी एक गोष्ट आजच लिहून ठेवावी. मुलाचा एच-४ दर्जा २१ व्या वर्षी संपतो आणि पदवी साधारण २२ व्या वर्षी हाती येते. म्हणजे ग्रीन कार्ड आलं नसेल तर शिक्षण चालू असतानाच एफ-१ किंवा दुसऱ्या दर्जाकडे वळावं लागतं. एच-४ वर फॅफ्सामार्फत मिळणारी सरकारी मदत मिळत नाही आणि कॅम्पसवर नोकरीही करता येत नाही. हे मुलापासून लपवू नका. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी आणि वकिलाशी पहिल्याच वर्षी बोला.

दक्षिण: शिक्षक

हायस्कूलमध्ये तुमचा दिवस शाळा आखून देते. कॉलेजात १५ क्रेडिट घेतले तर वर्ग आठवड्याला साधारण १५ तासच असतात आणि बाकी सगळा वेळ मोकळा वाटतो. हा हिशोब करून पाहा. प्रत्येक क्रेडिटमागे वर्गाबाहेर दोन तास अभ्यास धरतात, म्हणजे आणखी ३० तास, एकूण ४५. रोज आठ तास झोप धरली तर ५६. आठवड्याच्या १६८ तासांतून हे वजा केले की ६७ उरतात. जेवण, कपडे धुणं, व्यायाम, मित्र, सगळं त्यातच बसवायचं आहे. सिलॅबस हातात पडला त्याच दिवशी सगळ्या तारखा कॅलेंडरमध्ये भरा.

सुत्तात शिष्याची कर्तव्यं सांगताना शिक्षकाजवळ हजर राहणं, ऐकण्याची आस ठेवणं आणि विद्या नीट आत्मसात करणं सांगितलं आहे. आजच्या भाषेत हे ऑफिस अवर्स. आपल्या मुलांचा एक गैरसमज असतो की ‘ढ’ मुलांनीच तिथे जायचं. तसं नाही. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक प्राध्यापकाला एकदा भेटा. एखादा विषय झेपत नसेल तर ड्रॉप आणि विड्रॉच्या तारखा उलटण्याआधी सल्लागाराकडे जा. आणि दुसऱ्याने किंवा एआयने लिहिलेलं स्वतःच्या नावावर देणं हे न दिलेलं घेणंच आहे. पंचशीलातलं दुसरं शील तिथेही लागू होतं.

बाबासाहेब १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा ते २२ वर्षांचे होते. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंड, तीही ठरावीक मुदतीची. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. त्याबरोबर इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मनचा एकेक. जॉन ड्यूई, सेलिग्मन यांच्यासारख्या शिक्षकांकडे ते शिकले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. अर्थशास्त्राचा हा विद्यार्थी मानववंशशास्त्राच्या वर्गात गेला नसता तर तो निबंध तिथे वाचला गेला नसता. म्हणून आपल्या मेजरबाहेरचा एक तरी विषय दर वर्षी घ्या.

उत्तर: मित्र

या दिशेवर सुत्त सर्वांत जास्त बोलतं आणि पहिलं वर्षही इथेच घडतं किंवा बिघडतं. चार जण मित्राच्या रूपात येतात, पण मित्र नसतात: फक्त घेणारा, नुसता बोलघेवडा, तोंडपुजा आणि नाशाच्या वाटेवरचा सोबती. हा चौथा दारूला, अवेळी भटकायला आणि जुगाराला बरोबर असतो. चार खरे मित्रही सांगितले आहेत: मदत करणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, हिताचं सांगणारा आणि कळवळा असणारा. तुम्ही गाफील असताना तुमची काळजी घेतो तो मित्र, ही सुत्तातली कसोटी शुक्रवारी रात्रीच्या पार्टीत तंतोतंत लागू पडते.

पाचवं शील तुम्हाला पाठ आहे. इथला कायदाही २१ वर्षांखाली दारू देत नाही. तरीही ती समोर येईल. ‘नको, मी घेत नाही’ एवढं पुरतं, कारण द्यावं लागत नाही. औषधाच्या दुकानातून न आलेली कुठलीही गोळी, अगदी ‘अभ्यासासाठी आहे’ म्हणून दिलेलीसुद्धा, घेऊ नका. बनावट गोळ्यांत फेंटानिल असतं आणि एकच गोळी जीव घेऊ शकते. कोणी बेशुद्ध पडलं तर आधी ९११ लावा. मदत बोलावणाऱ्याला शिक्षेतून सूट देण्याचे नियम बहुतेक राज्यांत आणि अनेक कॉलेजांत आहेत.

आता एक गोष्ट जी दुसऱ्या कुठल्या कॉलेज गाइडमध्ये मिळणार नाही. भारतीय विद्यार्थ्यांच्या गटात कोणीतरी विचारेल: पूर्ण नाव काय? गाव कुठलं? घरी मांसाहार चालतो का? तुमच्यापैकी अनेकांना या प्रश्नांमागचा प्रश्न पहिल्यांदाच कळेल. जात सांगण्याचं बंधन तुमच्यावर नाही आणि आपण आंबेडकरी बौद्ध आहोत हे सांगण्यात कमीपणाही नाही. कधी, कोणाला, किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण लपवण्यासाठी खोटं आडनाव, खोटी गोष्ट रचू नका. ते ओझं चार वर्षं वाहावं लागतं.

हक्कही माहीत असू द्या. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या तेव्हाच्या सर्व २३ कॅम्पससाठी तसं केलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल हे जातिभेदावर बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनी एसबी ४०३ हे विधेयक नाकारलं. जातीवरचा भेदभाव आधीच्या कायद्यांत मोडतो, असं कारण त्यांनी दिलं. म्हणजे तुमच्या कॉलेजच्या धोरणात ‘कास्ट’ हा शब्द नसला तरी वंश, पूर्वज किंवा राष्ट्रीय मूळ या आधारावर तक्रार मांडता येते. काही घडलं तर तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवा, मेसेज पुसू नका आणि आपल्या माणसांना कळवा. एकट्याने गिळू नका.

सगळे भारतीय असेच भेटतील असंही समजू नका. बाबासाहेब लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. १९२० मध्ये लंडनचं अपुरं शिक्षण पूर्ण करायला ते निघाले, तेव्हा याच भथेनांनी त्यांना ५,००० रुपये उसने दिले. वसतिगृहातली मैत्री अशीही असू शकते.

पश्चिम: जोडीदार

प्रेमात पडाल, त्यात वाईट काही नाही. सुत्त जोडीदाराला मान देणं, त्याचा अपमान न करणं आणि एकनिष्ठ राहणं सांगतं. तिसऱ्या शीलाचा कॉलेजातला सरळ अर्थ असा: स्पष्ट संमती हवी. नशेत असलेल्याचा होकार हा होकार नसतो, आणि काल दिलेला होकार आजचा नसतो. मुलींइतकंच हे मुलांशीही घरात बोललं गेलं पाहिजे. अन्याय झाला तर कॅम्पसवरचं टायटल नाइन कार्यालय त्यासाठीच आहे.

खालची दिशा: कष्टकरी

डॉर्मची बाथरूम कोणीतरी धुतं, डायनिंग हॉलमध्ये कोणीतरी भांडी घासतं. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा गिरणीत, गोदीत, रेल्वेत, सफाई खात्यात राबले. म्हणून त्या माणसांचं नाव विचारा, नमस्कार करा, आपला पसारा आपण आवरा. पैशांबाबतही सुत्त नेमकं आहे: मिळकतीचे चार भाग, एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडचणीसाठी शिल्लक. क्रेडिट कार्ड घेतलंत तर दर महिन्याला पूर्ण भरा.

वरची दिशा: धम्म

रोज दहा मिनिटं आनापान करा आणि दर आठवड्याला एकदा पंचशील मनाशी म्हणा. अनेक विद्यापीठांत बौद्ध चॅप्लेन किंवा ध्यानगट असतो. शोधून जा, परंपरा वेगळी असली तरी जा. ऑक्टोबरच्या सुमारास पहिल्या परीक्षा येतात, घराची आठवण येते, झोप बिघडते. तेव्हा कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात जाणं हा कमकुवतपणा नव्हे. दुःख आहे आणि त्याला कारण आहे, हे मान्य करण्यापासूनच आपला धम्म सुरू होतो. जीव नकोसा वाटला तर कुठल्याही वेळी ९८८ लावा, आणि मग आम्हा काका-मावशांपैकी कोणालाही. रात्रीचे तीन वाजले असले तरी.

घरी चर्चेसाठी

१. माझ्या आजच्या मित्रांपैकी सुत्तातल्या खऱ्या मित्रासारखे कोण आहेत? आणि मी स्वतः कोणासाठी तसा आहे?

२. कोणी नेलं नाही तरी मी चालू ठेवीन, अशी घरातली कोणती गोष्ट आहे? का?

३. पालकांसाठी: मुलाचा पहिला कमी ग्रेड कळला, तर आपलं पहिलं वाक्य काय असेल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मूल घरी असतानाच त्याच्यासमोर द्या. त्या उत्तरावरच ते पुढे फोन करेल की नाही, हे ठरेल.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.