भावाचं अ‍ॅप आठवड्यात का विसरतात?

प्रश्न: निपाणी भागातल्या शेतकऱ्यांसाठी बाजारभावाचं अ‍ॅप केलंय. लोक घेतात, आठ दिवसांत विसरतात. सवय कशी लावू?

उत्तर: आधी एखाद्या किराणा दुकानात पैसे जमा झाल्याचं मोठ्यानं सांगणारा तो डबा ऐका. यूपीआय २०१६ साली आलं, पण हात पिठात असलेला दुकानदार मोबाईल बघणार कसा? डब्यानं ती अडचण सोडवली. तुमच्या अ‍ॅपनंही शेतकऱ्याची अशीच अडचण सोडवायला हवी. नीर एयाल यांच्या ‘हूक्ड’ (२०१४) या पुस्तकात सवयीसाठी अनिश्चित बक्षीस सांगितलंय. तुमच्याकडं ते बाजारच देतो, भाव रोज हलतो! सौदा संपताच निपाणी आणि कोल्हापूरचा भाव शेजारी-शेजारी धाडा. माल कुठं न्यायचा, हीच शेतकऱ्याची खरी विवंचना. मराठीबरोबर कन्नडही ठेवा. आणि रोज ‘सुप्रभात’चा संदेश पाठवत असाल, तर तेवढा बंद करा. त्यानं लोक अ‍ॅप उघडत नाहीत, काढून टाकतात.