खोलीचा भास : प्रत्यक्ष की अनुमान?

तर्कशास्त्राच्या तासाला आपण प्रमाणे शिकतो. त्यांत पहिले प्रत्यक्ष, दुसरे अनुमान. पर्वतावर धूर दिसतो हे प्रत्यक्ष आणि तेथे अग्नी असला पाहिजे हे अनुमान, हा दृष्टान्त सर्वांच्या परिचयाचा आहे. पण तो पर्वत दूर आहे, हे आपल्याला कशाने कळते? मानसशास्त्राचा अभ्यास सुरू केल्यापासून हा प्रश्न माझ्या मनात घोळत आहे, आणि त्याचा खरा उलगडा मला दृष्टिभ्रमाच्या साध्या आकृत्यांनी करून दिला.

डोळ्याच्या पडद्यावर जी प्रतिमा पडते तिला लांबी-रुंदी असते, खोली नसते. जवळचा पेरू आणि दूरचा भोपळा तेथे सारखीच जागा व्यापू शकतात. मग अंतर येते कोठून? एक उत्तर चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ साली दिले. आपल्या दोन डोळ्यांमध्ये सुमारे सहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे दोहोंतील प्रतिमा किंचित निराळ्या असतात. त्याने अशीच किंचित निराळी दोन सपाट चित्रे आरशांच्या साहाय्याने एकेका डोळ्यास दाखविली आणि पाहणाऱ्यास भरीव वस्तू दिसली.

परंतु एक डोळा मिटला म्हणून जग सपाट होत नाही. दूरची वस्तू लहान दिसते, समांतर रेषा जवळ येत जातात, पुढची वस्तू मागचीला झाकते, सावली पडते. या खुणा एका डोळ्यासही पुरतात. चित्रकाराची सारी भिस्त त्यांच्यावरच असते. भिंतीवरच्या कॅलेंडरातील एखादे निसर्गदृश्य घ्या, कागदाची नळी करून एका डोळ्याने पाहा. चित्रातली खोली वाढल्यासारखी वाटेल. दोन्ही डोळे उघडे असले की ‘हा सपाट कागद आहे’ अशी चुगली ते करतात, म्हणून असे होते.

इटालियन मानसशास्त्रज्ञ मारिओ पोंझो याच्या नावाने ओळखली जाणारी आकृती पाहा. रेल्वेच्या रुळांसारख्या वर जुळत जाणाऱ्या दोन रेषा, आणि त्यांच्यामध्ये एकावर एक दोन आडव्या, अगदी सारख्या लांबीच्या काड्या. वरची काडी मोठी दिसते. रूळ दूर जात आहेत असे मन धरून चालते. मग दूर असूनही जी काडी तेवढीच जागा व्यापते ती मोठीच असणार! हे स्पष्टीकरण सर्वांना मान्य आहे असे नाही, पण मला ते पटते.

याहून नवलाची गोष्ट अमेरिकन संशोधक अ‍ॅडेल्बर्ट एम्स याच्या खोलीची. (मराठीत ‘खोली’ या एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत, ही आपली सोयच.) या खोलीचा मागचा एक कोपरा दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर असतो. दूरच्या कोपऱ्याकडे जमीन उतरत आणि छत चढत जाते. खिडक्याही हिशेबाने वाकड्या केलेल्या. पण ठरावीक भोकातून एका डोळ्याने पाहिले की खोली अगदी सरळ, चौकोनी दिसते. आता एक मनुष्य या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात चालत जातो आणि चालता चालता राक्षस होतो किंवा बुटका! माणसे अशी वाढत-घटत नाहीत हे आपण पुरते जाणतो. तरीही मन खोली वाकडी मानायला तयार होत नाही, माणसालाच ताणते. चौकोनी खोल्यांची आपली सवय एवढी बळकट आहे.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकातच यास अजाणतेपणी केलेले अनुमान म्हटले होते. माझा मुद्दा येथेच आहे. ज्याला आपण प्रत्यक्ष म्हणतो त्याच्या पोटात अनुमान आधीच शिरलेले असते. पण हे अनुमान तर्कशास्त्रातल्यासारखे नाही. वेदान्तातील रज्जुसर्पाचे उदाहरण घ्या. दिवा आणला, दोरी ओळखली, की सर्प नाहीसा होतो. पोंझोच्या काड्या मात्र पट्टीने शंभरदा मोजा, वरची काडी मोठीच दिसत राहते. ज्ञान झाले, भ्रम गेला नाही.

रोममधील संत इग्नेशियसच्या चर्चमध्ये आंद्रेआ पोझ्झो याने १६८५ साली खऱ्या घुमटाच्या जागी घुमटाचे चित्र बसविले. तो सपाट कापडावर रंगविलेला आहे हे प्रवाशांना आधीच ठाऊक असते. फरशीवरच्या ठरलेल्या खुणेवर उभे राहिले की तरीही घुमट वर चढतो. पुढे सरकले की कलंडतो. म्हणजे भ्रम घालवतो तो पायांचा प्रवास, नुसती माहिती नव्हे.

एम्सच्या खोलीबाबतही असेच आढळले. खोली वाकडी आहे हे नुसते सांगून काही फरक पडत नाही. पण पाहणाऱ्याच्या हाती लांब काठी देऊन भिंतींना, कोपऱ्यांना स्पर्श करण्याचा सराव करू दिला, तर हळूहळू तिचा वाकडेपणा त्याला दिसू लागतो. शब्दांनी जे साधत नाही ते काठीने साधते. या काठीच्या ज्ञानाला प्रत्यक्ष म्हणावे की अनुमान, हे आमच्या तत्त्वज्ञान विभागातील गुरुजनांनीच सांगावे.