शस्त्रक्रियेनंतरची गडचढाई
प्रश्न : बालपणी ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ची शस्त्रक्रिया झालेल्या महाविद्यालयीन मुलीने मैत्रिणींबरोबर गडावर जावे का?

उत्तर : या जन्मजात विकारात, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधील पडद्याला छिद्र, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी सरकलेली आणि उजवा कप्पा जाड अशा चार दोषांच्या समूहात, शस्त्रक्रियेनंतरही झडपेतून गळती किंवा ठोक्यांतील अनियमितता पुढे उद्भवू शकते, म्हणून इको व व्यायाम-चाचणी पाहून हृदयरोगतज्ज्ञांनी मुभा दिल्यास चढाई सहसा वर्ज्य नसते, मात्र कोणाशी शर्यत लावू नये. निदान एका मैत्रिणीला तरी धडधड, भोवळ ही तत्काळ थांबण्याची लक्षणे आणि औषधे सॅकच्या कोणत्या कप्प्यात आहेत, हे ठाऊक असावे. छातीवरचा व्रण दाखवायचा की झाकायचा, हा सर्वस्वी तिचा प्रश्न. घरच्यांनी परस्पर सांगत सुटणे, काळजीपोटी असले तरी, अनुचितच.