टाकी धुवायची ती भिंतीपासून

“परवाच तर टाकी रिकामी केली होती, मग घरात डेंग्यू आला कसा?” पावसाळ्यात हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. उत्तर टाकीच्या भिंतीवर असतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. अंड्याचा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस पुरतात. म्हणून टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, ती घासावी लागते.

साहित्य (५०० लिटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीसाठी)

लांब दांड्याचा नायलॉनचा ब्रश, मोठा स्पंज, मग, प्लॅस्टिकच्या दोन बादल्या, जुनं सुती कापड, टॉर्च, रबरी हातमोजे, सुमारे ७५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, डासांच्या जाळीचा तुकडा आणि बांधायला तार.

कृती

१. पाणी नक्की येणार असा दिवस निवडा. दिवसाआड पाणी येत असेल तर हे आधी पाहा, कारण एक पूर्ण टाकी पाणी या कामात जातं. पिण्या-स्वयंपाकाचं दोन दिवसांचं पाणी भरून झाकून ठेवा. आदल्या दिवशी मोटार लावू नका. टाकीतलं पाणी वापरूनच संपवा.

२. सकाळी मोटारीचं बटण बंद करा आणि टाकीतून घरात येणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद करा. आउटलेटच्या तोंडात कापडाचा घट्ट बोळा बसवा, म्हणजे गाळ नळांत उतरणार नाही.

३. झाकण काढून टॉर्च तिरपा धरा आणि भिंतीवर जिथवर पाणी चढतं ती कड निरखा. कोळशाची भुकटी चिकटल्यासारखे काळे बारीक ठिपके दिसले तर ती अंडी असू शकतात. ती मिलिमीटरहूनही लहान असल्यामुळे, काही दिसलं नाही तरी पुढची पायरी गाळू नका.

४. आधी भिंती घासा, मग तळ. त्या कडेच्या वर-खाली वीतभर पट्टा दोनदा, जोर लावून घासा. झाकणाची आतली बाजू आणि बॉल कॉकचा दांडा विसरू नका. तारेचा ब्रश नको. प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात आणि त्यांतच शेवाळ धरतं. साबणही नको.

५. आउटलेट तळापासून थोडं वर असतं, म्हणून गाळ आपोआप निघत नाही. मगाने उपसा, उरलेला स्पंजने टिपा. हे पाणी कुंड्यांत किंवा गटारात न ओतता उन्हाने तापलेल्या कोरड्या जमिनीवर पसरवा. दोनदा विसळा आणि बोळा आठवणीने काढा.

६. बादलीभर पाण्यात ब्लीचिंग पावडर कालवा आणि १५ मिनिटं स्थिर ठेवा. चुना खाली बसला की वरची निवळ तेवढी घ्या. टाकी अर्धी भरल्यावर निवळ ओता आणि मग टाकी पूर्ण भरा. संडास धुण्याचं ॲसिड या पावडरीजवळ आणूसुद्धा नका. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो.

७. वॉटर प्युरिफायरकडे जाणारा कॉक बंद करा. क्लोरीनने त्याची मेम्ब्रेन खराब होते. पाइपचा व्हॉल्व्ह उघडा, बाकीचे नळ सोडा आणि ब्लीचिंगचा वास आला की नळ बंद करा. रात्रभर तसंच राहू द्या. हे पाणी कोणी पिणार नाही, अंघोळीला घेणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

८. सकाळी त्याच पाण्याने मोरी, संडास आणि अंगण धुऊन घ्या. झाडांना घालू नका. टाकीत थोडं स्वच्छ पाणी घेऊन नळांतून सोडून द्या आणि मग टाकी भरा.

९. ओव्हरफ्लो आणि हवेच्या पाइपच्या तोंडावर जाळी तारेने आवळा. झाकणाला तडा असेल तर ते बदला. भिंत कितीही घासली, तरी डासाला आत जायला वाट राहिली की नवी अंडी आलीच.

सांभाळून

टाकीत उतरू नका. तोंडातून ब्रश पोचेल तेवढंच काम करा. जमिनीखालच्या बंदिस्त टाकीत प्राणवायू कमी पडून माणसं दगावतात. ते काम साधनं असलेल्या प्रशिक्षित माणसांवरच सोपवा. ओल्या गच्चीवर एकट्याने चढू नका.

वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या अखेरीस आणि दिवाळीच्या साफसफाईत, हे काम करा. पिंप, बादल्या, कूलर आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांना मात्र दर आठवड्याला कोरडा दिवस हवाच, आणि त्यांच्याही कडा घासायला हव्यात. काम झालं की टाकीवर ऑइल पेंटने तारीख लिहा. पुढच्या वेळी “कधी धुतली होती?” असं कोणाला विचारावं लागणार नाही.