आधी उजेडात, मग अंधारात

अजिंठ्यात गाइड म्हणून उभा राहायला लागून बरीच वर्षं झाली होती, तेव्हाची ही चूक. बारा कर्णबधिर मुलं आणि खुणांच्या भाषेत समजावणाऱ्या त्यांच्या बाई आल्या होत्या. पहिल्या लेण्यात नेहमीसारखी पद्मपाणीच्या चित्रावर बॅटरी मारली आणि भिंतीकडे तोंड करून बोलत सुटलो. उजेड चित्रावर, माझे ओठ आणि बाईंचे हात अंधारात. एका मुलानं श्रवणयंत्र काढून खिशात टाकलं. दगडी मंडपात आवाज घुमतो आणि यंत्रातून नुसता कल्लोळ कानात शिरतो, हे बाईंनी मला नंतर सांगितलं.

खरा घोर पुढे लागला. सव्विसाव्या लेण्यातून "चला, चला" म्हणत मी पुढे निघालो. खाली बसजवळ मुलं मोजली, तर अकराच. धावत परत गेलो. महापरिनिर्वाणाच्या मूर्तीखाली शोक करणारे शिष्य कोरलेत, त्यांच्यासमोर बारावा मुलगा उभा होता. हात गार पडले होते त्याचे. माझी हाक त्याच्यासाठी नव्हतीच.

तेव्हापासून कथा बाहेर, ओसरीतल्या उजेडात सांगतो. जातक, बोधिसत्त्व अशा शब्दांच्या खुणा दुभाष्याशी आदल्या दिवशीच ठरवतो, नाहीतर एकेक अक्षर बोटांनी दाखवण्यातच वेळ जातो. आत गेल्यावर मी गप्प. सांगणं आणि दाखवणं एकाच वेळी करू नका. ज्याला डोळ्यांनीच ऐकायचंय तो एका वेळी एकीकडेच बघू शकतो. आत बोलावंच लागलं तर मंद उजेड बाजूनं स्वतःच्या चेहऱ्यावर किंवा दुभाष्याच्या हातांवर घ्या, समोरच्याच्या डोळ्यांत नको. ओरडू नका, ओरडल्यानं ओठ वेडेवाकडे होतात. लिहून दिलं की झालं, असंही नाही. खुणांच्या भाषेत वाढलेल्या अनेकांना लिखित मराठी जड जाते.

जोड्या लावा. निघायची खूण आधीच ठरवा, आणि लेण्याच्या दारात डोकी मोजा.

पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यातल्या बुद्धमूर्तीवर डावीकडून, उजवीकडून, समोरून उजेड टाकला की चेहऱ्यावरचा भाव बदलतो. पुढच्या गटाला मी ते एक शब्दही न बोलता दाखवलं. एका मुलीनं माझ्या हातातून बॅटरी घेतली आणि मैत्रिणींना पुन्हा दाखवलं.

गाइडबंधूंनो, असा गट आला तर त्याला पुरेसा वेळ राखून ठेवा. घाईत त्यांना काहीच दिसत नाही.