गाठीची जनुकीय तपासणी : आधी कोणती, कितीची?

मेंदूतली गाठ काढल्यावर बायोप्सीचा रिपोर्ट येतो, खाली ओळ असते : ‘मॉलिक्युलर तपासणी करावी.’ एखादी लॅब थेट मोठं पॅनेल सुचवते आणि घाबरलेलं घर पैसे भरून मोकळं होतं. तपासणी हवीच, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात मोठ्या माणसांच्या ग्लायोमाचं (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीचं) निदानच आयडीएच जनुकातला बदल आणि १पी/१९क्यू हे गुणसूत्रांचे भाग गळणं यांवर ठरतं. पण ती टप्प्याटप्प्याने करा. पैसे वाचतात ते तिथेच. (पुढचे आकडे खासगी लॅबचे, ढोबळ, शहरागणिक फरक पडतो.)

पहिला टप्पा आयएचसी, म्हणजे स्लाइडवरचं रंगकाम. एका मार्करला हजार ते तीन हजार रुपये, रिपोर्ट काही दिवसांत. आयडीएच१ पॉझिटिव्ह आणि एटीआरएक्स हे प्रथिन नाहीसं झालेलं दिसलं, तर निदान अ‍ॅस्ट्रोसायटोमाकडे जातं. १पी/१९क्यूच्या ‘फिश’ या गुणसूत्र तपासणीचे पाच ते पंधरा हजार बहुधा वाचतात. आयडीएच१ पॉझिटिव्ह असून एटीआरएक्स शाबूत असेल तर मात्र फिश टाळू नका. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा असेल तर तो तिथेच पकडला जातो, आणि त्याचे उपचार व आयुर्मान दोन्ही वेगळे.

आयएचसी निगेटिव्ह आली म्हणजे आयडीएचमध्ये बदल नाहीच, असं नव्हे. ती फक्त आर१३२एच हा सर्वांत जास्त आढळणारा बदल ओळखते. तरुण रुग्णात पुढे सिक्वेन्सिंग करावं लागतं. पंचावन्न ओलांडलेल्या रुग्णात एटीआरएक्स शाबूत असेल, आधी सौम्य ग्लायोमा झालेला नसेल आणि सूक्ष्मदर्शकाखाली ग्लायोब्लास्टोमा स्पष्ट असेल, तर सहसा त्याची गरज नसते. पॅथॉलॉजिस्टला हे तोंडावर विचारा. ते रागावत नाहीत.

एमजीएमटी तपासणीला साधारण पाच ते पंधरा हजार. टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळ्या किती लागू पडतील याचा अंदाज त्यातून येतो. वृद्ध, अशक्त रुग्णाला रेडिएशन द्यायचं की गोळ्या, हे ठरवताना तो रिपोर्ट खरंच कामाचा; तरुण रुग्णाला बहुधा दोन्ही मिळतातच.

एनजीएस, म्हणजे एकदम अनेक जनुकं तपासणारं मोठं पॅनेल, वीस-पंचवीस हजारांपासून लाखाच्या आसपास जातं आणि दोन-चार आठवडे घेतं. लहान मुलं, मेंदूच्या मध्यरेषेवरच्या गाठी, बीआरएएफ जनुकातल्या बदलाची शंका किंवा निदानच अडलेलं असेल तर ते पैसे सार्थकी लागतात. रेडिएशन मात्र त्याच्यासाठी थांबवायचं का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

सरकारी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात दर कमी पडतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्राला विचारा. विमा असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि बिल जपा. डिस्चार्जनंतरच्या तपासण्या पॉलिसीतल्या ठरलेल्या मुदतीतच, बहुधा ६० किंवा ९० दिवसांत, मंजूर होतात.

आणि पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा. दुसऱ्या लॅबला तोच लागतो. रुग्णालयातून सही करून घ्या, काम झाल्यावर परत मागा, हरवू देऊ नका; ब्लॉक गेला तर पुन्हा कवटी उघडण्याची वेळ येऊ शकते.